नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, जि. रत्नागिरी, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, शिक्षक, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. निसर्ग आणि बालजीवन यांवरील कवितांमुळे त्यांना फुलामुलांचे कवी असेही म्हटले जाते. चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरची सुमारे चोवीस वर्षे त्यांनी ख्रिस्ती शिक्षण आणि उपासना यांना अभंग, ओवी, भजन व कीर्तन या मराठी परंपरेतील रूपांत आणण्यासाठी वेचली. ख्रिस्ती होण्यासाठी भारतीय माणसाने परकीय होण्याची गरज नाही, ही त्यांच्या कार्यामागची मूळ धारणा होती. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचे वडील वामनराव हे सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता आणि पितापुत्रांचे फारसे जमले नाही. आई जानकीबाई भाविक वृत्तीच्या आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. टिळकांना कवितेचे पहिले संस्कार आईकडून मिळाले. घरातील स्त्रियांच्या तोंडी असलेल्या ओव्या, स्तोत्रे आणि पुराणकथा यांचा ठसा त्यांच्या पुढील लेखनावर कायम राहिला.

त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे झाले. कल्याण हे त्या वेळी तालुक्याचे ठिकाण आणि जुने बंदर होते. १८५४ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली होती. अंबरनाथ आणि बदलापूर ही त्या परिसरातील गावे होती. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध होते, तर आजचे उल्हासनगर शहर तेव्हा अस्तित्वातच नव्हते. आई निवर्तल्यावर लहान वयातच टिळकांनी घर सोडले आणि ते नाशिकला गेले.

नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संस्कृत भाषेचा, विशेषतः संस्कृत काव्याचा, अभ्यास केला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे ते नाशिकच्या हायस्कुलात इंग्रजी व इतर विषय शिकले. मात्र मॅट्रिकची परीक्षा होण्याआधीच कुटुंबाच्या जबाबदारीमुळे त्यांना शाळा सोडावी लागली. त्यांचे पुढील बहुतेक ज्ञान स्वतःच्या वाचनातून मिळवलेले होते.

विवाह आणि अस्थिर काळ

नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी टिळकांचा विवाह १८८० च्या सुमारास झाला. विवाहानंतर त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. त्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. टिळकांनी शाळामास्तर, पौराणिक, छापखान्यातील खिळे जुळवणारा अशी अनेक कामे केली. पण ते एका गावी किंवा एका नोकरीत फार काळ टिकले नाहीत. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकण्याच्या त्यांच्या सवयीमुळे संसार कायम ओढगस्तीत असे. या काळातील घराचे विनोदी आणि तितकेच स्पष्ट चित्र लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये रेखाटले आहे.

१८९१ मध्ये टिळक नागपूरला गेले. तेथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले, तसेच ‘ऋषी’ या मासिकाचे संपादन त्यांनी केले. या वर्षांत धर्म, जातिभेद आणि देशाची अवनती या प्रश्नांनी त्यांच्या मनाची पकड घेतली होती. प्रचलित धर्माचरणाविषयी त्यांचे समाधान होत नव्हते. माणसामाणसांत भेद न करणारा एक नवा धर्म असावा, असे त्यांना वाटू लागले होते आणि त्याची तत्त्वे कशी असावीत याचा त्यांनी आराखडाही केला होता.

ख्रिस्ती धर्माचा स्वीकार

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. दोघांचे कवितेवर आणि धर्मावर बोलणे झाले. वॉर्ड यांनी त्यांना बायबलची एक प्रत भेट दिली. दोन वर्षांत टिळक ख्रिस्ती होतील असे भाकीतही वॉर्ड यांनी केल्याचे सांगितले जाते. टिळकांनी केवळ दिलेल्या शब्दासाठी वाचन सुरू केले. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने ते प्रभावित झाले. आपण शोधत असलेल्या धर्माची तत्त्वे येथे आहेत, असे त्यांचे मत बनले. त्यानंतर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमधील जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार केला. पुढे याच अ‍ॅबट यांनी महिपतीच्या संतचरित्रांची आणि इतर मराठी संतांच्या रचनांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी एका ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे घर, जात, स्नेही आणि उपजीविका या सर्वांना एकाच वेळी मुकणे होते. टिळकांनाही बहिष्काराला तोंड द्यावे लागले. लक्ष्मीबाईंना हा आघात फार मोठा होता. मुलगा दत्तू (पुढे देवदत्त) याला घेऊन त्या सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर, आपल्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे परतल्या; पण सोवळेओवळे आणि आपला धर्म त्यांनी सोडला नव्हता. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केलेला आहे, या निष्कर्षाला त्या हळूहळू स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर आणि मिशनचे शिक्षण

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे मुख्य कार्यक्षेत्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात १८३१ मध्ये सुरू झाले होते. मिशनने जिल्ह्यात मुलामुलींच्या शाळा, वसतिगृहे आणि धर्मशिक्षणाचे विद्यालय चालवले. सिंथिया फरार यांनी अहमदनगरात चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या. १८४२ मध्ये अहमदनगर येथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मिशनच्या शाळांतील आणि मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार आणि मांग या, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या, जातींतील होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनेक अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि शाळांतील संख्या वाढली.

या शाळांचे माध्यम मराठी होते, तरी धर्मशिक्षणाची चौकट बाहेरून आलेली होती. पाठ्यपुस्तके बव्हंशी इंग्रजीवरून केलेली होती आणि उपासनेत गायली जाणारी बरीच गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती. ही गीते मूळ पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. इंग्रजी स्तोत्राची चाल शब्दातील आघातावर उभी असते, तर मराठी पद्य अक्षरे आणि मात्रा यांच्या मापाने चालते. त्यामुळे भाषांतरित ओळी चालीत बसवताना शब्द भलत्याच ठिकाणी तुटत, ऱ्हस्व अक्षरे ताणली जात आणि अर्थ हरवत असे. निरक्षर आईबापांच्या मुलांना अशी गीते पाठ होत. पण ती घरी, शेतात किंवा जात्यावर म्हटली जाण्याचा संभव कमी असे.

देशी रूपांचा प्रयोग टिळकांच्या आधीही झाला होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्याच धर्तीवरचे काव्य मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे मात्र पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. अहमदनगरात १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती कीर्तने सुरू केली होती. टिळकांनी या प्रयत्नांना व्यापक रूप दिले आणि त्यामागे एक सुसंगत विचार उभा केला.

टिळकांनी अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळाली. त्यांच्यापुढील विद्यार्थी पुढे खेड्यापाड्यांत शिक्षक आणि उपदेशक होणार होते. त्यामुळे वर्गात ते जे शिकत, तेच गावच्या शाळेत आणि मंडळीत पोहोचत असे.

देशी परंपरेतून ख्रिस्ती शिक्षण

टिळकांच्या शिक्षणविचाराचा पाया संतवाङ्मय हा होता. ज्ञानेश्वर, नामदेव आणि विशेषतः तुकाराम यांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्ताकडे नेले, असे ते मानत. तुकाराम हा त्यांच्या दृष्टीने एक सेतू होता. यहुदी लोकांचे धर्मग्रंथ जसे ख्रिस्ती बायबलमध्ये जुना करार म्हणून येतात, तसे भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या संतांच्या वाणीकडे पाहावे, अशी त्यांची भूमिका होती. याचा शैक्षणिक अर्थ महत्त्वाचा होता. विद्यार्थ्याच्या घरातील, गावातील आणि भाषेतील वारसा हा पुसून टाकण्याचा नव्हे, तर ज्याच्यावर उभे राहून पुढे जायचे असा आधार ठरत होता.

या विचाराला त्यांनी पुढील मार्गांनी प्रत्यक्ष रूप दिले.

अभंग आणि गीते : मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्या चरणात चार अक्षरे असतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत यमक साधलेले असते. ही रचना लहान, समतोल आणि पाठ होण्यास सोपी आहे. टिळकांनी या छंदात विपुल लेखन केले. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. त्यांतील अनेक गीते भारतीय रागांवर व भजनाच्या चालींवर गायली जातात.

माउलीची प्रतिमा : वारकरी परंपरेत विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हटले जाते. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली या दोन्ही नात्यांनी संबोधले. पाश्चात्त्य धर्मशिक्षणात राजा, न्यायाधीश आणि पिता या प्रतिमांना प्राधान्य होते. टिळकांच्या गीतांत मायलेकराच्या प्रेमाची भाषा पुढे आली. मराठी मुलाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नसे.

कीर्तन : कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या विचाराचे निरूपण केले जाते आणि उत्तररंगात आख्यान सांगून तो विचार पटवला जातो. टाळ, मृदंग आणि पेटी यांच्या साथीने गाणे, गोष्ट, विनोद आणि उपदेश एकत्र येतात. टिळक स्वतः कीर्तने करीत. बायबलमधील कथांचे आख्यान झाल्यामुळे वाचता न येणाऱ्या श्रोत्यांनाही त्या समजत आणि आठवत. लक्ष्मीबाईंनीही पुढे कीर्तने केली. स्त्रीने उभे राहून कीर्तन करणे ही त्या काळात वेगळी गोष्ट होती.

नियतकालिके : टिळकांनी मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकासाठी लेखन केले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. देशप्रेम, सामाजिक सुधारणा, शिक्षण आणि भारतीय ख्रिस्ती समाजाचे स्वावलंबन हे त्यांचे आवडते विषय होते. ख्रिस्ती माणूस देशाशी कमी बांधलेला असतो, हा समज त्यांना मान्य नव्हता आणि त्यांच्या देशभक्तिपर कवितांनी त्याला उत्तर दिले.

कविता

धार्मिक लेखनाबाहेरही आधुनिक मराठी कवितेत टिळकांना मानाचे स्थान आहे. केशवसुतांच्या काळात मराठी कविता नवे वळण घेत असताना टिळकांनी निसर्ग, घर, बालके आणि कौटुंबिक प्रेम हे विषय साध्या भाषेत मांडले. शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीवरील ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता मराठी शाळांतील अनेक पिढ्यांना परिचित आहे. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ आणि ‘माझी भार्या’ या त्यांच्या इतर प्रसिद्ध रचना होत. या कविता वाचताना कवीचा धर्म आड येत नाही. त्यामुळे मिशनच्या शाळेबाहेरील वाचकवर्गही त्यांना मिळाला.

तरुण कवींना त्यांच्या घरी मुक्तद्वार असे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. या कवीचे गुण ओळखून टिळकांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. टिळक दांपत्याने अनेक निराधार मुलांनाही घरात वाढवले. वेगवेगळ्या जातींतील मुले एका पंक्तीला बसत असलेले हे घर टिळकांच्या शिकवणीचा प्रत्यक्ष पाठ होते.

ख्रिस्तायन

ख्रिस्ताचे चरित्र मराठी महाकाव्याच्या रूपात सांगावे, अशी टिळकांची इच्छा होती. ‘रामायण’ या नावाशी नाते सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य त्यांनी लिहावयास घेतले. परंतु सुरुवातीचे अध्याय झाल्यावर त्यांचे निधन झाले. ज्यांना विवाहाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्या नंतर घरीच शिकल्या, त्या लक्ष्मीबाईंनी या काव्याचा बहुतांश भाग पुढे रचला. १९३६ मध्ये त्यांचेही निधन झाले. शेवटची भर देवदत्त टिळक यांनी घातली आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

मिशनपासून फारकत आणि ‘देवाचा दरबार’

परदेशी पैशावर चालणाऱ्या व्यवस्थेबद्दल टिळकांच्या मनात अस्वस्थता वाढत गेली. उपदेशक आणि शिक्षक यांचा पगार परदेशातून येत असेल, तर गावकऱ्यांच्या नजरेत ते परक्यांचे नोकर ठरतात. आणि वर्गातील शिकवण देशी झाली तरी ती शिकवणारी संस्था परकीयच राहते, असे त्यांना दिसत होते. त्यांचे अनेक मिशनऱ्यांशी स्नेहाचे संबंध होते आणि मतभेद असूनही ते टिकले. तरीही भारतीय मंडळी भारतीयांनी चालवावी, याबाबत त्यांनी तडजोड केली नाही.

सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले. ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ या बंधुमंडळाची स्थापना केली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही यात प्रवेश होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात येऊ शकत. औपचारिक धर्मांतर हीच श्रद्धेची एकमेव खूण मानणाऱ्यांना हे पटणारे नव्हते. टिळकांच्या दृष्टीने मात्र हे त्यांच्या शिक्षणविचाराचे पुढचे पाऊल होते, कारण गुरुशिष्याचे नाते त्यांनी संस्थेच्या सभासदत्वापेक्षा वरचे मानले.

या प्रयोगाला फार काळ मिळाला नाही. प्रकृती खालावल्याने टिळकांना मुंबईस उपचारासाठी आणण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे ‘देवाचा दरबार’ टिकाव धरू शकला नाही.

मूल्यमापन

टिळकांच्या पद्धतीवर त्यांच्या हयातीत दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले गेले. काही ख्रिस्ती लोकांना भीती वाटे की, हिंदू परंपरेतील छंद, वाद्ये आणि संज्ञा घेतल्या की त्यांच्याबरोबर जुने अर्थही येतील. माउली, गुरू, संन्यास, दरबार या शब्दांना आधीचा इतिहास होता. दुसरीकडे काही हिंदूंना अभंग-कीर्तनाचा असा वापर म्हणजे धर्मप्रसारासाठी घेतलेले सोंग वाटे. टिळकांच्या बाबतीत हा आरोप कमी लागू पडतो. कारण ही रूपे त्यांनी मिशनमध्ये जाऊन उचललेली नव्हती. ती आईकडून आणि नाशिकच्या पाठशाळेतून त्यांच्याजवळ आधीच आलेली होती.

अधिक मूलभूत प्रश्न नंतरच्या काळात विचारला गेला. टिळकांनी देशी म्हणून जे शिक्षणात आणले, ते कोणाचे होते? अहमदनगरच्या शाळांतील बहुसंख्य मुले अस्पृश्य मानलेल्या जातींतील होती, तर संस्कृत काव्याचा संस्कार झालेला शिक्षक ब्राह्मण कुटुंबातून आलेला होता. वारकरी परंपरा सर्व जातींना बोलावणारी असली आणि तिच्यात चोखामेळ्यासारखे महार संत झाले असले, तरी पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. म्हणजे त्या मुलांच्या आजोबा-आजींना अभंग म्हणता येत होता. पण ज्या देवाला तो वाहिलेला होता, त्याच्यापुढे उभे राहता येत नव्हते. महार-मांगांची स्वतःची गाणी, पोवाडे, वाद्ये आणि अपमानाच्या आठवणी यांना टिळकांच्या रचनेत तुलनेने कमी जागा मिळाली.

महाराष्ट्रातील धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती धर्मविचाराची मांडणी केली. भारतीय ख्रिस्ती विचाराची उभारणी बव्हंशी उच्चवर्णीय धर्मांतरितांनी आणि उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाच्या आधाराने केली, ही त्यांची मुख्य टीका होती. ती टिळकांच्या पिढीलाही लागू होते. तथापि टिळकांनी वेदान्ताच्या परिभाषेऐवजी अभंग आणि ओवी निवडली. ही लोकांच्या तोंडी असलेली रूपे होती. त्यामुळे त्यांची गीते पंडितांपुरती मर्यादित न राहता खेड्यातील मंडळ्यांनी आपलीशी केली. एका शतकानंतरही ती गायली जातात, हे या निवडीचे फलित होय.

वारसा

टिळकांचे इंग्रजी चरित्र जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघातही भारतीय आश्रमपद्धतीने ख्रिस्ती जीवन जगण्याचा प्रयत्न झाला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली गेली. टिळकांची अनेक वाचकांना झालेली ओळख ही याच पुस्तकातून आहे. तेथे ते हेकट, उदार, विसरभोळे आणि एका ध्येयाने झपाटलेले दिसतात.

ज्या कल्याण परिसरात टिळकांनी अक्षरओळख करून घेतली, त्याचे रूप विसाव्या शतकात पालटले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ हे औद्योगिक शहर झाले. बदलापूर हे मुंबईच्या नोकरदारांचे उपनगर बनले. त्याच्या आसपासच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी या आदिवासी जमातींच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रातील अशा शहरी पट्ट्यांत ख्रिस्ती संस्थांच्या शाळांमधील बहुसंख्य विद्यार्थी सामान्यतः इतर धर्मांचे असतात. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यावा लागत नाही.

त्यामुळे टिळकांचा प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा राहतो. त्यांच्यापुढे ख्रिस्ती शिकवण मराठी रूपात कशी सांगावी हा विषय होता. आजच्या अशा वर्गात सिंधी, आगरी, मराठी, हिंदी भाषक आणि आदिवासी मुले एकत्र असू शकतात. तेथे कोणाची भाषा, कोणाची गाणी आणि कोणाच्या घरची स्मृती शिकण्याजोगी मानली जाते, हा विषय आहे. मुलाने शाळेच्या दारात आपला वारसा उतरवून ठेवू नये, हे टिळकांच्या कार्यातील सूत्र या चर्चेत उपयोगी पडते. तो वारसा एकच नसतो, हे त्यांच्यावरील टीकेतून शिकता येते.

प्रमुख साहित्य

टिळकांची कविता (काव्यसंग्रह)
अभंगांजली (अभंगसंग्रह)
ख्रिस्तायन (महाकाव्य; लक्ष्मीबाई आणि देवदत्त टिळक यांनी पूर्ण केलेले)
वनवासी फूल (दीर्घकाव्य)
सुशीला (दीर्घकाव्य)
‘उपासना संगीत’मधील गीते